गलाई व्यवसाय, कर आणि हिशेबाची वही : खटाव-खानापूर परिसराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे येरळा नदीकाठचे वडूज. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात नऊ जण हुतात्मा झाले. या घटनेमुळे वडूजच्या कचेरीला स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात स्थान मिळाले. त्या कचेरीला दुसराही एक इतिहास आहे. तो शेतसारा, परवाना-कर आणि आयकराचा आहे. तालुक्यातील लहान दुकानदार, सावकार व कारागीर यांचा सरकारशी संबंध प्रामुख्याने कचेरीतील याच दप्तरातून येत असे.

खटाव, माण, खानापूर, आटपाडी, तासगाव व कवठे महांकाळ या सलग दुष्काळी पट्ट्यातील हजारो कुटुंबांनी विसाव्या शतकात एक वेगळाच व्यवसाय आपलासा केला. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचा हा व्यवसाय ‘गलाई’ या नावाने ओळखला जातो. केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल, उत्तर प्रदेश, पंजाब, दिल्ली अशा दूरदूरच्या बाजारपेठांत सराफकट्ट्याजवळ या भागातील माणसांच्या भट्ट्या आढळतात. या लहान व्यावसायिकांना कराच्या व हिशेबाच्या बाबतीत कोणत्या अडचणी आल्या आणि त्यांना द्यावयाच्या सल्ल्याचे स्वरूप कायद्यांबरोबर कसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाचा रोख एका प्रश्नावर आहे : दुकानात असलेले सोने कोणाचे?

प्रदेश आणि स्थलांतर

आज दोन जिल्ह्यांत विभागलेला हा पट्टा पूर्वी बराचसा एकत्र होता. खानापूर व तासगाव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता. खुद्द औंध हे गाव मात्र वडूजपासून जवळच, खटावच्याच परिसरात आहे. पश्चिमेकडील डोंगररांगा पाऊस अडवितात व पूर्वेकडील माळरान कोरडे राहते. १८७६-७८ चा दुष्काळ, शतकाअखेरची दोन दुष्काळी वर्षे आणि पुढे १९७२ चा दुष्काळ यांच्या आठवणी येथील गावोगावी टिकून आहेत. शेतीवर घर चालत नसल्याने एका भावाने शेत पाहायचे आणि दुसऱ्याने बाहेर पडायचे, ही रीत येथे रूढ झाली. बाहेर पडणारा प्रथम नात्यातल्या किंवा गावातल्या माणसाच्या भट्टीवर काम शिके व काही वर्षांनी स्वतःची भट्टी घाली. या व्यवसायाला मोठे भांडवल लागत नव्हते, परंतु विश्वास लागत होता. गलाई व्यावसायिकांपैकी बहुसंख्य मुळात शेतकरी आहेत, पिढीजात सोनार नव्हेत, ही गोष्ट करांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. त्यांचा एक पाय सदैव सातबाराच्या उताऱ्यात राहिला.

जुन्या करांची परंपरा

लहान धंद्यावरील कर ही या भागाला नवी गोष्ट नव्हती. मराठा अमदानीत विणकर, तेली, वाणी अशा व्यावसायिकांकडून मोहतर्फा घेतला जाई. मुंबई इलाख्यात व्यवसायांवरील असे जुने कर १८४४ च्या कायद्याने रद्द झाले, परंतु सातारा त्या वेळी संस्थान होते. ते खालसा झाले १८४८ मध्ये. १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात आयकर आणला. त्यात वार्षिक २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाला सूट होती आणि २०० ते ५०० रुपयांपर्यंत दर शेकडा दोन होता. १८७८ च्या परवाना-कराविरुद्ध सुरतेत दंगल उसळली. १८८६ च्या आयकर कायद्याने ५०० रुपयांखालील उत्पन्न वगळले, १९०३ मध्ये ही मर्यादा १,००० रुपये झाली, आणि शेतीचे उत्पन्न करकक्षेबाहेर ठेवण्यात आले.

या काळात आकारणी महसूल खात्याकडेच होती. धंद्यातील नफा ठरविताना अधिकाऱ्यासमोर व्यापाऱ्याची कीर्द व खतावणी असे. ती नसल्यास दुकानाच्या एकंदर रूपावरून व गावातील बोलवेवरून अंदाज बांधला जाई. मोडीत लिहिलेली वही हा व्यापाऱ्याचा बचाव होता, आणि ती लिहिणारा दिवाणजी हाच त्याचा करसल्लागार. १९२२ च्या कायद्यानंतर आयकराचे काम स्वतंत्र खात्याकडे गेले. अधिकाऱ्यासमोर वकील व हिशेबनीस यांच्याबरोबरच नातेवाइकानेही बाजू मांडावी, अशी मोकळीक कायद्यात होती व १९६१ च्या कायद्यातही ती कायम राहिली. परक्या भाषेच्या मुलखात धंदा करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल सहज लक्षात येते. नातेवाइकांपैकी जो शिकलेला, तो कायद्याने करदात्याचा प्रतिनिधी होऊ शकत होता.

भट्टी आणि वही यांतील अंतर

गलाईचे काम थोडक्यात असे. दागिन्यांची मोड प्रथम कसाच्या दगडावर घासून तपासतात, टाकणखार घालून मुशीत वितळवितात व लगड ओततात. शुद्धीकरण करावयाचे असल्यास सोन्यात चांदी किंवा तांबे इतके मिसळतात की सोन्याचा अंश सुमारे चौथाई राहावा. मग ते मिश्रण तेजाबात उकळतात. चांदी व तांबे विरघळतात आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपात तळाशी उरते. ती धुऊन पुन्हा वितळविली की शुद्ध सोने मिळते. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळविता येते. सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते. बंद, कोंदट खोलीत त्या भट्टीपुढे व तेजाबाच्या धुरात बसणे हे किती कष्टाचे काम आहे, हे वहीत कुठेच नोंदले जात नाही.

वहीत उमटतो तो आकड्यांचा फरक. २२ कॅरेटचे १०० ग्रॅम दागिने आले तर त्यात शुद्ध सोने सुमारे ९१.६ ग्रॅम असते. ग्राहकाला तेवढेच परत जाते. कागदावर मात्र १०० ग्रॅम ‘जमा’ आणि ९१.६ ग्रॅम ‘नावे’ दिसतात. मधले ८.४ ग्रॅम कुठे गेले? जाणकाराला ते तांबे-चांदी असल्याचे ठाऊक असते, पण वजनाशेजारी टंच लिहिलेला नसेल तर तपासणाऱ्याच्या लेखी ते सोनेच असते आणि ते लपविलेले असते. शिवाय मुशीला, राखेला व धुण्याच्या पाण्याला लागून जाणारी खरी घट वेगळीच. म्हणून आलेले वजन, टंच, शुद्ध वजन व घट असे चार रकाने ही गलाईच्या हिशेबाची पहिली गरज ठरते. सर्वसामान्य दुकानदाराच्या रोजमेळीत हे रकाने नसतात. तयार छापील वही आणून तीत गलाईचा हिशेब लिहिणाऱ्यांची फसगत होते ती येथेच.

सुवर्ण नियंत्रणाचा काळ

चीनशी झालेल्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत, जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले. १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी आली. देशभरातील सोनार बेकार झाले व मोठे आंदोलन उभे राहिले. ही कॅरेटची अट १९६६ मध्ये उठविण्यात आली. मात्र १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यातील काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हरकचंद रतनचंद बांठिया खटल्यात घटनाबाह्य ठरविल्या, तरी दुरुस्त्यांसह कायदा टिकला.

सुवर्ण नियंत्रणाचा विचार सहसा सोनारांच्या बेकारीच्या अंगाने केला जातो. गलाई व्यावसायिकाला त्याची झळ निराळ्या ठिकाणी लागली. कायद्याने सोन्याचे दागिने आणि ‘प्राथमिक सोने’ असा भेद केला होता. लगड, कांबी, पत्रे, तारा, गोळ्या ही सर्व अपूर्ण रूपे प्राथमिक सोन्यात मोडत, आणि सामान्य माणसाला असे सोने बाळगण्यास मनाई होती. आता भट्टीचे काम डोळ्यांपुढे आणावे. घरातील बाईची पाटली मुशीत पडेपर्यंत तिचा कायदेशीर दागिना असे. मुशीतून लगड ओतली जाताच तेच सोने बंदी असलेल्या वस्तूत रूपांतरित होई. गलाईचा सारा धंदाच या क्षणावर उभा होता. व्यापारी, शुद्धीकरण करणारा आणि सोनार यांच्यासाठी परवाना किंवा प्रमाणपत्र, ठरावीक नमुन्यातील नोंदी आणि अधिकाऱ्यांची तपासणी अशी चौकट होती. त्या चौकटीबाहेर सापडलेल्या सोन्यावर जप्तीची टांगती तलवार असे.

याच सुमारास दोन इतर कायद्यांनीही पुराव्याची जबाबदारी सोने बाळगणाऱ्यावर टाकली. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ नुसार, तस्करीच्या रास्त संशयावरून जप्त केलेले सोने तस्करीचे नाही हे ज्याच्याकडे ते सापडले त्याने सिद्ध करावयाचे असते. आयकर कायद्यात १९६४ मध्ये घातलेल्या कलम ६९अ नुसार, हिशेबात नोंद नसलेले व ज्याचा खुलासा देता येत नाही असे सोने त्या व्यक्तीचे उत्पन्न मानता येत असे. तिसरे संकट चोरीच्या मालाचे. ते कराशी संबंधित नसले तरी सल्लागाराला ते टाळता येत नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ४११, व १ जुलै २०२४ पासून त्याजागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७, चोरीचा माल स्वीकारणे हा गुन्हा मानते. चोरीनंतर लवकरच ज्याच्याजवळ माल सापडतो त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा पुरावा कायद्यातही आहे. दागिना वितळल्यावर त्याची ओळख नाहीशी होते. म्हणूनच चोराला भट्टी हवीशी वाटते आणि पोलिसांना ती संशयास्पद वाटते. प्रामाणिक व्यावसायिक या दोहोंच्या मध्ये सापडतो. परमुलखात, भाषा धड येत नसताना, त्याच्या बाजूने बोलणारी वस्तू एकच असते : ग्राहकाचे नाव, पत्ता, ओळख, तारीख व वजन लिहिलेली पावती.

सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्या वेळी अर्थमंत्री होते मधु दंडवते. प्राथमिक सोन्यावरील बंदी उठली, पण सीमाशुल्क व आयकर कायद्यांतील वरील तरतुदी राहिल्या. बंदी गेल्याने वहीचीही गरज संपली असे ज्यांना वाटले, त्यांचा समज चुकीचा होता.

गावाकडचे भांडवल

गलाई व्यावसायिकाच्या हिशेबात दुसरा नाजूक भाग भांडवलाचा असतो. भट्टी घालण्यासाठी पैसा येतो तो गावाकडून. बैलजोडी विकून, पिकाची पट्टी आल्यावर, मेहुण्याकडून उसना घेऊन तो उभा राहतो आणि बहुधा रोखीने हातात पडतो. नात्यात लिहून घेण्याची पद्धत नाही. तसे करणे अपमानाचे मानले जाते. आयकर कायद्यात १९८४ मध्ये आलेल्या कलम २६९एसएसने ठरावीक रकमेवरील कर्ज वा ठेव रोखीने घेण्यास मनाई केली. ही मर्यादा प्रथम १०,००० व १९८९ पासून २०,००० रुपये होती. भंग केल्यास घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकत असे. या कलमात शेतकऱ्यांसाठी एक अपवाद होता, पण तो देणारा व घेणारा या दोघांचेही उत्पन्न शेतीचे असेल व दोघांपैकी कोणाचेही करपात्र उत्पन्न नसेल तेव्हाच लागू होई. खटावमधील शेतकरी भावाने कोइमतूरमधील करपात्र उत्पन्नाच्या भावाला रोख पैसे दिले, तर हा अपवाद उपयोगी पडत नव्हता. कायदा करणाऱ्यांसमोर शेतकरी आणि व्यापारी अशी दोन वेगळी माणसे असावीत. एकाच चुलीवरचे दोन भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर नसावेत.

पैसा बँकेमार्फत आला तरी काम संपत नाही. देणारा कोण, त्याची ऐपत काय आणि व्यवहार खरा आहे का, हे तिन्ही दाखवावे लागते. परप्रांतातील अधिकाऱ्याला खटावच्या कोरडवाहू शेतीची ऐपत कशी कळावी? येथे वडूजच्या कचेरीतील सातबारा, आठ-अ चा उतारा व बाजार समितीची पट्टी यांचे महत्त्व दिसते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी १९७३ पासून ते करदर ठरविण्यासाठी इतर उत्पन्नात मिळविले जाऊ लागले. त्यामुळे ते फुगवून दाखविण्याचा मोह व त्याबद्दलचा संशय या दोन्ही गोष्टी वाढल्या. चार एकर जिरायतीवर द्राक्षबागेचे उत्पन्न दाखविणारा सल्ला अल्पकाळ सोयीचा वाटतो, परंतु त्याच उताऱ्यातील पीकपाहणी त्याला खोटे पाडते.

भावाभावांच्या सामाईक धंद्याचे स्वरूप काय, हाही जुना प्रश्न आहे. तो अविभक्त कुटुंबाचा, भागीदारीचा की एकट्याचा? भागीदारी संस्थेला कराची सवलत मिळण्यासाठी १९६१ च्या कायद्यानुसार लेखी करारपत्र व आयकर खात्याकडील नोंदणी लागत असे. १९९३-९४ या आकारणी वर्षापासून पद्धत बदलली व संस्थेवरच कर बसू लागला, तरी लेखी कराराची अट राहिली. करारपत्र नसलेल्या सामाईक भट्टीत कराचा बोजा अनेकदा ज्याच्या नावावर बँकखाते आहे त्या एकाच भावावर पडतो. पुढे वाटणीच्या वेळी तोच वादाचा मुद्दा होतो.

मजुरी की खरेदी-विक्री

२०१० नंतर लहान व्यावसायिकांना कलम ४४अड अन्वये अनुमानित उत्पन्नाची सोय मिळाली. उलाढालीच्या ८ टक्के, आणि पुढे बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून कर भरला की सविस्तर हिशेब दाखविण्याची सक्ती राहत नसे. उलाढालीची मर्यादा ६० लाखांवरून १ कोटी व नंतर २ कोटी रुपये झाली. किराणा वा कापड दुकानदाराला ही सोय मानवली. गलाईला ती कितपत लागू पडते, हे धंद्याच्या रूपावर अवलंबून आहे. समजा, सोन्याचा दर ग्रॅमला ६,००० रुपये आहे. १०० ग्रॅम मोड विकत घेऊन, शुद्ध करून विकली तर उलाढाल सुमारे ६ लाख रुपयांची होते व ८ टक्क्यांनी नफा ४८,००० रुपये धरला जातो. सोन्याच्या व्यापारात एवढा नफा कोणालाच मिळत नाही. तेच सोने ग्राहकाचेच राहू देऊन केवळ मजुरीने गाळले तर उलाढाल मजुरीपुरती राहते आणि हीच सोय खरोखर उपयोगी ठरते. भट्टी तीच, मूस तीच; फक्त सोने कोणाचे हे बदलते. एकाच दुकानात दोन्ही प्रकारचे काम चालत असेल तर दोन वह्या स्वतंत्र ठेवणे हा यावरील साधा उपाय आहे. सोन्याचा भाव जसजसा चढत गेला, तसतशी केवळ भावामुळे उलाढाल फुगून लेखापरीक्षणाची मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यताही वाढली.

१ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला. २०१२ मध्ये व पुन्हा २०१६ मध्ये दागिन्यांवरील अबकारी कराविरुद्ध सराफांनी दुकाने बंद ठेवली. पहिल्या वेळी कर मागे घेतला गेला, दुसऱ्या वेळी तो राहिला. या दोन्ही बंदांत सराफकट्ट्यावर अवलंबून असलेल्या भट्ट्याही साहजिकच थंडावल्या. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीने रोखीवरचा हा धंदा आणखी अडचणीत आला.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. सोन्यावर ३ टक्के आणि नोंदणीकृत सराफाच्या सोन्यावरील जॉबवर्कवर ५ टक्के दर ठरला. दागिन्यांवरील असे जॉबवर्क सेवाकराच्या काळात २०१२ च्या अधिसूचनेने सूट मिळालेले होते. प्रारंभीचा गोंधळ जुन्या दागिन्यांबाबत झाला. सामान्य ग्राहकाने जुने सोने विकल्यास घेणाऱ्याला उलट आकारणीने ३ टक्के कर भरावा लागेल, असा समज पसरला. १३ जुलै २०१७ रोजी महसूल विभागाने खुलासा केला की, घरचे दागिने विकणारी व्यक्ती व्यवसाय करीत नसल्याने तेथे उलट आकारणी लागू नाही. कायद्यातील जॉबवर्कची व्याख्याही सल्लागाराने नीट वाचावी अशी आहे. दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या मालावरील प्रक्रिया म्हणजेच जॉबवर्क. सराफाची मोड गाळणे त्यात बसते, परंतु गृहिणीची पाटली गाळणे त्या व्याख्येत येत नाही. म्हणजे आता सोने कोणाचे एवढेच नव्हे, तर तो मालक नोंदणीकृत आहे की नाही, हेही वहीत लिहिणे आवश्यक झाले.

सराफाने जॉबवर्कला दिलेले सोने चलनासह यावे लागते व एका वर्षाच्या आत परत जावे लागते. चलनावर वजन व टंच नसेल तर परत गेलेले ९१.६ ग्रॅम आणि आलेले १०० ग्रॅम यांचा मेळ बसत नाही. सराफकट्ट्यावर मात्र आजही बरेचसे सोने चिठ्ठीवर, किंवा नुसत्या शब्दावर, भट्टीत येते. सराफाकडे चलन मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, आणि चलन मागणाऱ्याऐवजी न मागणाऱ्या शेजारच्या भट्टीकडे काम जाण्याची भीती, हा पेच लहान व्यावसायिकापुढे उभा राहतो. करसल्लागार त्याला कायदा सांगू शकतो. गेलेले गिऱ्हाईक परत आणून देऊ शकत नाही. काही भट्ट्यांवर यातून मधला मार्ग काढलेला दिसतो. सराफाने चलन दिले नाही तर गलाई व्यावसायिक स्वतःच दोन प्रतींत पावती करतो, तिच्यावर वजन व टंच लिहितो, आणि सोने घेऊन आलेल्या पोऱ्याची सही घेऊन एक प्रत त्याच्याबरोबर परत धाडतो.